सरकवलेला तांब्या

लग्नाची मुलगी घरात असली की बापाला स्वतःच्या घरातल्या नाही नाही त्या गोष्टी दिसायला लागतात. भिंतीची ओल दिसते, खुर्चीचा मोडका पाय दिसतो, दारुडा मेहुणा तर फारच ठळक दिसतो. घाटकोपरच्या कुंडलिक गायकांबळेला मात्र दुसरं काही दिसतच नव्हतं. उठता-बसता त्याला दिसायचे ते स्वतःचे हात.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगठ्याजवळ तुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका उमटला. मग पेरांवर डाग आले, मग डाव्या हातावर. सावळ्या कातडीवर ते असे उठून दिसत की बसमध्ये शेजारचा माणूस अंग चोरून बसे. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "हे कोड आहे, महारोग नाही. शिवल्याने कुणाला होत नाही. तुमच्या कामातल्या रसायनांमुळेही झालं असेल. हातमोजे घालत जा."

हातमोजे कुंडलिकने कधी घातले नाहीत. तो अंधेरीच्या एका गॅरेजात टचअपचं काम करी. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर लांबी म्हणजे पुट्टी भरायची, वॉटर पेपरने घासायची आणि मग रंग मारायचा. पत्रा गुळगुळीत झाला की नाही, हे उघड्या तळव्यालाच कळतं, असं त्याचं म्हणणं. डब्यातला नवा रंग उन्हापावसात विटलेल्या गाडीला कधी जुळत नाही, तो कालवून जुळवावा लागतो. त्या बाबतीत कुंडलिकचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने बुजवलेला ओरखडा खुद्द मालकालाही पुन्हा सापडत नसे.

असा हा कारागीर, आणि त्याला आपल्या हातांची लाज वाटे!

तशी लाज वाटावी असं घडलंही होतं. आदल्या वर्षी त्याच्या अनुपमाला गोवंडीचं एक स्थळ आलं होतं. सगळं जमत आलं, आणि मध्यस्थाकडून निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण घरात कोड आहे." अनुपमा विलेपार्ल्याला एका कचेरीत टायपिस्ट होती. ती नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेली. पण पुढचे आठ दिवस ती दिव्याखाली स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होती, ते कुंडलिकने पाहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

आता नाहूरचं स्थळ आलं होतं. मुलगा जयवंत पोस्टात नोकरीला. त्याला आई नव्हती, आत्याने वाढवलेला. मुलगी बघायला ही मंडळी आली, तेव्हा कुंडलिकने दोन्ही हातांना पट्ट्या गुंडाळून "गॅरेजात भाजलं" अशी थाप मारली. मुलगी पसंत पडली. मग नाहूरहून निरोप आला, रविवारी आमचं घर बघायला आणि जेवायला या.

"सांगून टाका ना एकदाचं," त्याची बायको द्रौपदी म्हणाली. "किती दिवस पट्ट्या बांधणार?"

"सांगू? आणि मोडलं म्हणजे? परत पोरीला तसं हातांकडे बघत बसलेली बघू? माझ्याच्याने नाही होणार ते."

"आणि लग्नानंतर कळलं म्हणजे?"

"तेव्हाचं तेव्हा बघू!"

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत कुंडलिकने एका वाटीत रंग कालवायला घेतला. लाल घातला, पिवळा घातला, चिमूटभर पांढरा, काळ्याचा अगदी थेंब. मनगटाशेजारी धरून उन्हात पाहिला. पुन्हा एक थेंब काळा. जुळला! गाडीचा नव्हे, स्वतःच्या कातडीचा रंग त्याने जुळवला होता.

रविवारी सकाळी बारीक ब्रशने त्याने एकेक डाग बुजवला. दहा मिनिटांत रंग वाळला. हात खिडकीशी धरून तो स्वतःच थक्क झाला. डाग होते कुठे, तेही सांगता येईना. "बघ," तो बायकोला म्हणाला, "आहे का काही?"

द्रौपदीने निरखून पाहिलं. "जरा मूठ मिटा बघू."

त्याने मूठ मिटली आणि पेरांवरचा रंग तडकला. वीस वर्षं पत्र्यावर काम केलेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं की पत्र्याला सांधे नसतात! त्याने पुन्हा रंग लावला आणि ठरवलं, आज दिवसभर बोटं वाकवायचीच नाहीत. द्रौपदीने कपाळाला हात लावला.

नवरा-बायको नाहूरला पोचले, तर दारातच जयवंतचे वडील दादू भेटले. कंपनीतून निवृत्त झालेला, ताठ मानेचा माणूस. जय भीम झाला. तळवे जोडायला बोटं सरळच लागतात, तेवढं झकास निभावलं. पाण्याचा पेला मात्र कुंडलिकने दोन्ही तळव्यांत दाबून धरला. जयवंतने पानसुपारीचं तबक पुढे केलं, तर "नको, नको" म्हणत हात मागे नेला. त्याला दरदरून घाम फुटला होता. घामाने रंग सुटेल की काय, या भीतीने आणखी घाम येत होता. कधी एकदा निघतो असं त्याला झालं होतं.

जेवायला बसले. जयवंतच्या आत्याने, सुंदराबाईंनी, सकाळपासून स्टोपाशी उभं राहून मटण आणि बाजरीच्या भाकऱ्या केल्या होत्या. दादू आणि कुंडलिक यांची ताटं शेजारी शेजारी, मधे पाण्याचा तांब्या. आता भाकरी काही सरळ बोटांनी मोडत नाही.

"घ्या ना," दादू म्हणाले.

"पोट जरा बरं नाही."

"एक घास तरी?"

"नको, खरंच नको."

दादूंचा चेहरा उतरला. "मघाशी सुपारी नको, आता जेवण नको. आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला? सोयरीक करायची नसेल तर तसं तोंडावर सांगा. पण ताटावर बसून अपमान करू नका!" आणि ते ताटावरून उठायला लागले.

कुंडलिकच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या डागांनी लग्न मोडेल म्हणून तो झुरत होता, ते डाग कुणी पाहिलेच नव्हते. लग्न मोडत होतं ते त्याच्या रंगाने! त्याने द्रौपदीकडे पाहिलं. तिने नुसती मान डोलावली.

त्याने हात पुढे केला आणि भाकरी मोडली. रंगाचे पापुद्रे ताटात गळून पडले. खालचे पांढरे डाग उघडे झाले.

"कोड आहे," तो म्हणाला. दोन्ही हात त्याने पुढे धरले. "लपवायला रंग लावून आलो होतो. शिवल्याने होत नाही, डॉक्टर म्हणालेत."

तेवढ्यात दादूंचा हात पुढे आला, आणि त्यांनी मधला तांब्या आपल्या बाजूला ओढून घेतला.

"दादू," सुंदराबाईंचा आवाज आला, "तांब्या का सरकावलास?"

"मी? कुठं काय..."

"सरकावलास. म्या बघितलं." त्या पुढे येऊन बसल्या. "आरं, गावाकडं आपला आबा पाटलाच्या वसरीला पानी मागाया गेला, की त्ये लोक असाच तांब्या सरकवायचे. वरनं वंजळीत पानी वतायचे. तू त्याचं बोट धरून हुतास की रं! दोन दिस जेवला न्हवता आबा, ध्यानात हाय का? त्याच्या हाताला काय झालं हुतं? आन या मानसाच्या हाताला काय झालंय?"

दादूंची मान खाली गेली.

कुंडलिकला धीर आला. तो घाईघाईने म्हणाला, "ताई, हे रक्तातलं नाही हो. कामातल्या केमिकलने झालंय. पोरीला काही होणार नाही."

"आनि रगतातलं असतं तर?" सुंदराबाई त्याच्याकडे वळल्या. "तर पोरगी टाकून द्यायची व्हय? मी हास्पिटलात आया हुते. व्हटावर रुपायायवढा डाग आला म्हनून नवऱ्यानं बाईला गाठोड्यासकट फाटकात सोडलेली बघितलीय. तुमी बी त्येच म्हनताय की! रंग फासून आलात, म्हंजी तुमीच कबूल केलंत की ह्ये हात वंगाळ. घरची पोर काय शिकनार मग?"

दिव्याखाली हात उलटेपालटे करणारी अनुपमा कुंडलिकच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिला ती भीती गोवंडीवाल्यांनी दिली असं तो समजत होता. अर्धी तर त्याच्या स्वतःच्या लाजेनेच दिली होती! त्याचे डोळे भरून आले.

तेव्हा जयवंत बोलला, "मला माहीत होतं. आम्ही बघायला आलो, त्याच दिवशी अनुपमाने सांगितलं. म्हणाली, 'वडिलांच्या हाताला कोड आहे. मलाही पुढे येऊ शकेल. चालणार असेल तरच पुढचं बोला.'"

"आणि तू मला बोलला नाहीस?" दादूंनी विचारलं.

"त्यात सांगण्यासारखं काय होतं, बाबा? मी तिला तेव्हाच हो म्हटलं."

कुंडलिक ऐकतच राहिला. बाप तोंड लपवत होता आणि लेक मान वर करून सांगून आली होती!

दादूंनी तांब्या उचलला, कुंडलिकच्या पेल्यात पाणी ओतलं आणि मग त्याच पेल्यातून स्वतः दोन घोट घेतले. "माफ करा, व्याही," ते म्हणाले. "आबाला काय वाटलं असेल ते मला माहीत होतं, तरी हात पुढे गेला."

सुंदराबाई रंग सांडलेलं ताट उचलून दुसरं आणायला उठल्या.

"अक्का," दादू म्हणाले, "माझंही घेऊन जा. आणि येताना एकच आण. मोठं आण."

मंडळी, तांब्या सरकवणारे हात काही परक्या जातीचे, परक्या गावचे असतात असं नाही. ज्यांच्यासमोरून तो एकदा सरकवला गेला, त्यांच्याही हातून नकळत तो सरकतो. मग तुमची-आमची काय कथा! कोड कुणाला लागत नाही. घराघरांत लागते ती किळस, आणि ती आपण आपल्या वागण्यातून पोरांच्या हाती देत असतो. पुढच्या वेळी बसमध्ये, पंगतीत, लग्नाच्या बैठकीत आपला हात तांब्याकडे जाईल, तेव्हा तो ओढण्यासाठी जातोय की समोरच्याला पाणी देण्यासाठी, एवढं ज्याचं त्याने पाहावं.