मला कळलं होतं, तात्याराव बाहेर गेले

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. धायरीतल्या एका फ्लॅटच्या दाराच्या चौकटीवर मला चिकटवलेलं आहे. आकाराने काडेपेटीएवढा, एके काळी पांढराशुभ्र. समोर दारावर माझं जोडीदार चुंबक आहे. दार उघडलं की ते माझ्यापासून लांब जातं आणि मी लगेच घरच्यांच्या मोबाईलवर वर्दी देतो. दार किती हललं म्हणजे ‘उघडलं’ म्हणायचं, हे मात्र मी ठरवत नाही. ते माणसं मोबाईलवरून ठरवतात. त्यालाच माझी संवेदनशीलता म्हणतात.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं, ते अभयने मला या घरात आणलं तेव्हा.

अभयचे वडील तात्याराव पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी कालव्याच्या काठाने पाणी बघत फिरण्यात गेली. निवृत्तीनंतर ते विसरू लागले. आधी नावं गेली, मग वार, मग आपलं घर कुठलं तेही. मनात आलं की शर्ट चढवून ‘ड्यूटीवर’ निघायचे. दाराला कुलूप लावून बघितलं, तर दारावर कपाळ टेकून रडायचे, “मला का कोंडलंय? मी काय गुन्हा केलाय?” सूनबाई चैतालीला ते ऐकवेना. म्हणून कुलूप निघालं आणि मी आलो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. एकदा तात्याराव निघाले, मी वर्दी दिली आणि दिवसभर त्यांच्यापाशी असणाऱ्या सरुबाईंनी त्यांना लिफ्टपाशीच गाठलं. संध्याकाळी चैतालीने माझ्यावरची धूळ पदराने पुसली. “हा नसता तर काय झालं असतं, अभय!” ती म्हणाली. त्या दिवशी मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं!

पण मग वाऱ्याचे दिवस आले. गॅलरी उघडी असली की दार चौकटीत खडखडायचं. माझी संवेदनशीलता पूर्ण वाढवलेली होती, त्यामुळे मी प्रत्येक खडखडीला वर्दी द्यायचो. चैताली बँकेतलं काम टाकून घरी फोन लावायची, कधी धावतच यायची. साहेब तिला म्हणाले, “मॅडम, तुमच्या दारालाच इथे आणून बसवा. तुम्ही तरी जागेवर राहाल.”

एका संध्याकाळी ती दारातच मटकन बसली. “याचं काहीतरी कर, अभय. फोन वाजला की हातातलं टाकून पळते, आणि दर वेळी वाराच असतो!”

अभयने मोबाईल काढला आणि माझी संवेदनशीलता अगदी खाली आणली.

“दार उघडून बघितलंस का?” तिने विचारलं.

“बघतो गं, एक कॉल संपवू दे.”

कॉल संपला. बघायचं राहून गेलं. मी गप्प झालो आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं.

नंतरच्याच एका दुपारी सरुबाई मागच्या गॅलरीत कपडे पिळत होत्या. तात्याराव दारापाशी आले. त्यांनी दार हळूच ओढलं. अंगाने ते काटकुळे, जेमतेम फट पडली तेवढ्यातून सरकून बाहेर गेले. चांगल्या सवयीच्या माणसाने दार मागे अलगद लोटून घेतलं.

मित्रांनो, मला कळलं होतं. चुंबक दूर गेलेलं मला जाणवलं होतं. पण दार सताड उघडल्याशिवाय बोलायचं नाही, असं मला बजावलेलं होतं. त्यांच्या चपलांचा आवाज जिना उतरत गेला आणि मी चौकटीला चिकटून राहिलो.

“आबा? ओ आबा!” तात्यारावांना हाका मारत सरुबाई खोल्याखोल्यांतून फिरल्या आणि त्यांनी फोनवर टाहो फोडला, “ताई, आबा घरात न्हाईत वो!”

चैताली धापा टाकत आली. “पण मेसेज कुठे आला? सरुबाई, मेसेज आलाच नाही!” ती मोबाईलकडे बघायची, मग माझ्याकडे. तिची ती नजर मी विसरू शकत नाही.

मग दार सारखं उघडत राहिलं. पोलीस आले, शेजारी आले, अभय आला आणि गेला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता तेच असतील.

दिवे लागल्यावर ते सापडले. कालव्याच्या भरावाखाली गवतात पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं. उचलायला आलेल्यांना सांगत होते, “पाणी वाढतंय. वर कळवा, लवकर कळवा.”

दवाखान्यातून त्यांना स्ट्रेचरवरून घरी आणलं. त्या दिवशी अभय माझ्यासमोर उभा राहिला. त्याने दार थोडं उघडून बघितलं, मग अजून थोडं. गॅलरी उघडून वाऱ्यात बघितलं. सरुबाईंना बारक्या फटीतून बाहेर जायला सांगितलं. वाऱ्याला मी गप्प राहिलो, माणसाला बोललो. गॅसवरचा चहा उकळायच्या आत सगळं जमलं.

“एवढंच होतं?” चैतालीने विचारलं.

आता मी अगदी नेमका आहे. पण तात्याराव दारापर्यंत येत नाहीत. आतल्या खोलीत पडल्या पडल्या हाका मारतात, “दार उघडा, ड्यूटीला उशीर होतोय.”

मित्रांनो, तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल, तर त्याच्या कटकटीला कंटाळून त्याची संवेदनशीलता जरूर कमी करा. पण तेवढ्यावर थांबू नका. ज्याच्यासाठी त्याला बसवलंय, त्याच्याच हाताने एकदा दार उघडवून बघा. कॉल नंतर होईल.