हैबतरावांचे शेंदरी बाण

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, काय व्हायचं ते होऊ दे. हैबतराव! तीस वर्षं धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून घरी बसलेला हा माणूस एका सकाळी मला सांगतो, "शांते, मी गाइड होतोय." मी तांदूळ पाखडत होते. निम्मे तांदूळ अंगणात गेले.

"कसला गाइड?"

"गडाचा. आपल्या अवचितगडाचा. शहरातली पोरं येतात, रानात चुकतात. त्यांना वाट दाखवायची."

"तुम्ही? गो बाय! तुम्हाला फ्रीजमधलं लोणचं सापडत नाय, तुम्ही गड दाखवणार?"

गड आमच्या परसातून दिसतो. हे लहानपणी दहादा चढले असतील, नाय म्हणत नाय. पण नंतर शिफ्ट लागली, आणि मग गडाकडं बघायचं ते पाऊस कुठवर आला एवढंच. दिवाळीत काँट्रॅक्ट संपलं तेव्हा यांना एकदम गड आठवला.

माझं तोंड असं चालू असतं म्हणून कुणाला वाटेल, बाईला नवऱ्याची फिकीर नाय. तसं नाय हो. माझ्या नणंदेचा नितेश वापीला असतो. त्यानं तिकडं मामाला वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती. सोसायटी मोठी, पण राहायचं चौघांत एका खोलीत, आणि घरी यायचं ते गणपतीला आणि शिमग्याला. यांनी ठरवलं होतं, ठाण्याचा एक ग्रुप येणार हाय, तो रविवार नीट पार पडला तर उन्हाळ्यापर्यंत दर रविवारी काम मिळेल, मग जायचं नाय. नाय जमलं तर सोमवारी गाडीत बसायचं.

मला हा माणूस घरी पायजे होता. तीस वर्षं मला अर्धाच मिळाला. दिवसपाळी असली की थकलेला, रातपाळी असली की झोपलेला. आता कुठं पुरा हाती लागला होता. पण हे तोंडावर कोण सांगतंय? जमलंच नाय कधी. तोंडावर मी यांच्या गुडघ्यांबद्दल बोलले.

तर तयारी सुरू झाली. आधी रोज गडाच्या खिंडीपर्यंत चढायचं, खाली येऊन "आई गं" करत ओटीवर आडवं व्हायचं, आणि मी तेल चोळायचं. "गाइडसाहेब, उद्या डोली मागवू का?" असं मी विचारलं की रागानं भिंतीकडं तोंड. मग एक दिवस म्हणाले, खिंडीच्या पुढं वाटा फुटतात, तिथं दगडांवर बाण काढतो. मारुतीच्या देवळाला रंग दिला तेव्हाचा शेंदरी ऑइलपेंट उरला होता, तो डबा आणि माझा भांडी घासायचा नवा ब्रश घेऊन गेले. परत आले ते हातापायाला, मिशीलासुद्धा शेंदूर.

"बाण काढायला गेलात की स्वतःच देव व्हायला?" मी म्हटलं.

"हस तू. आता आंधळासुद्धा गडावर पोचेल," हैबतराव म्हणाले. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण धरून ठेवावं लागलं असतं.

रविवार उजाडला. ठाण्याहून पोरंपोरी आली, त्यांची पुढारी मनस्वी नावाची मुलगी. चुणचुणीत, पायात असले बूट की त्यांच्याकडं बघूनच गडानं खाली यावं. मी चहा दिला. जेवायला पोपटी करायची ठरली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ पेटवायचा. ती मंडळी दुपारी उतरली की गरम गरम फोडायची. हैबतराव काठी घेऊन पुढं निघाले. जाताना मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जा, जा. गड तिथंच हाय, पळून नाय गेला." आणि घरात आल्यावर देवापुढं हात जोडले, ते यांना दिसू दिलं नाय.

मडकं अजून निम्मंसुद्धा भरलं नव्हतं, तोच घराच्या मागून, शेळ्यांच्या गोठ्याकडून गलका आला. बघते तर मनस्वी आणि तिच्यामागं सगळी पलटण.

"काकू," ती म्हणाली, "गड कुठे आहे?"

"अगो, तुम्ही गडावरनं नाय आलात?"

"काका खिंडीत दम खायला बसले. म्हणाले, तुम्ही बाण बघत व्हा पुढे, मी आलोच. आम्ही बाण बघत बघत दुसऱ्याच वाटेने खाली उतरलो. शेवटचा बाण तुमच्या गोठ्यामागे आहे. पण काकू, किती छान सजवलंत! प्रत्येक बाणाला हळदकुंकू, झेंडूची फुलं..."

हळदकुंकू? मी शेजारच्या हौसाकाकीला हाक मारली. म्हातारी रोज त्याच वाटेनं आमच्या दोन्ही घरच्या शेळ्या नेते.

"काकी, वाटेवरच्या दगडांना फुलं तुम्ही वाहिली?"

"वाहिली की! रानात एकदम इतके देव निघाले, मग नुसतं बघत बसू व्हय? आणि सगळ्यांची तोंडं रानाकडं! देवानं गावाकडं पाठ केली तर गावाचं काय व्हायचं? एकेक दगड उचलून गावाकडं तोंड करून बसवला. दोन आपल्या गोठ्यामागं आणून ठेवले, शेळ्यांना बरं. कंबर मोडली बाय माझी."

"अवो काकी, तो देव नाय, तो बाण होता!"

"शेंदूर लावलाय ना? मग बाणाचा देव असंल," हौसाकाकी म्हणाली आणि पदर खोचून पोपटीच्या शेंगा निवडायला बसली.

पोरं हसून हसून लोळायला लागली. मलाही हसू फुटलं, आणि तिथंच थांबलं. कारण हैबतराव बाण कशाला बघतील? ते आपल्या ओळखीच्या वाटेनं थेट गडावर गेले असणार, आणि वर कुणी नाय. फोन लावला तर रेंज नाय. पोरांना भूक लागली होती, म्हणून पोपटी पेटवली. हात काम करत होते आणि डोळे डोंगरावर.

मडकं फोडून शेंगा पानावर ओतल्या तेव्हा कुठं हे दिसले. पळत येत होते. पळत! त्या गुडघ्यांनी! काठी नाय, शर्ट काट्यांनी फाटलेला, आवाज बसलेला.

"शांते! पोरं हरवली गो! तळी बघितली, बुरूज बघितला, कड्याखाली वाकून बघितलं! पोलिसांना फोन कर, मी परत वर..."

आणि समोर बघतात तर पोरं शेंगा सोलत बसलेली.

हैबतराव तिथंच बांधावर बसले. तोंड हातांत घेतलं. कुणी हसलं नाय. मनस्वी पाणी घेऊन धावली, तिला म्हणाले, "माफ कर पोरी. मी तुम्हाला एकटं सोडायला नको होतं." मग माझ्याकडं न बघताच, हळू आवाजात, "झालं. माझ्याच्यानं नाय व्हायचं. नितेशला सांगतो, उद्याच्या गाडीनं येतो."

माझ्या तोंडात टोमणा तयार होता, देवाशप्पथ. तीस वर्षांची सवय. पण तो बाहेर आलाच नाय.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"काय?"

"जाऊ नका म्हणते. काम मिळो, नाय मिळो. मला तुम्ही घरी पायजेत. करमत नाय मला तुमच्याशिवाय."

इतकं मोठ्यानं बोलले की पोरं शेंगा खायची थांबली. हैबतराव उठले, जवळ आले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"ताप तर नाय," म्हणाले.

"काका," मनस्वी बोलली, "गड राहिलाच की आमचा. पुढच्या रविवारी येतो. पण तुम्ही पुढे चालायचं, मागे बसायचं नाही."

हैबतराव मान हलवत होते, पण नजर माझ्यावरनं हलत नव्हती. त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर नितेशला लावला.

"हॅलो, नितेश? नाय रे, नाय येत... नाय, तब्येत बरी हाय... पगार चांगला हाय रे, मला ठाऊक हाय..." मग फोन तोंडाशी घट्ट धरून, अख्ख्या शेताला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, तुझी मामी सोडत नाय मला!"

पोरांनी टाळ्या पिटल्या, हौसाकाकीनं "अगो बाय बाय" केलं, आणि मी, पन्नाशीची बाई, पदर तोंडावर घेऊन घराकडं पळत सुटले.