पिशवी कोणाची

जळगावकडच्या सावद्यात गर्भाशयाला सगळे पिशवीच म्हणतात, आणि पिशवीच म्हटल्यावर ती काढून टाकायला कुणाला फारसं जड जात नाही. सुलक्षणाच्या गल्लीत पस्तिशी ओलांडलेल्या निम्म्या बायकांच्या पिशव्या गेलेल्या. त्यात तिच्या सासूबाई, इंदिराबाई, सगळ्यांत जुन्या. बत्तिसाव्या वर्षीच मोकळी झाली, असं त्या पापड लाटताना ऐटीत सांगत.

सुलक्षणा बेचाळीसची. महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जायचं, दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. सोनोग्राफीत तीन गाठी निघाल्या. गावातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट तिचा वाचला आणि बोलले तिच्या नवऱ्याशी, कुंदनशी, "पिशवी काढून टाकू. गुरुवारी घेऊन या यांना." म्हैस घेऊन या म्हणावं, तसं. कुंदननं तिथल्या तिथं फॉर्मवर सही ठोकली. सुलक्षणा शेजारच्याच खुर्चीत बसली होती, पण तिच्या हातात कुणी पेन दिलं नाही.

तिचं डोकं सणकलं ते तिथं. मंगळवारी सकाळी तिनं फाईल पिशवीत घातली, ही आपली बाजाराची कापडी पिशवी, आणि म्हणाली, "मी जळगावले दुसऱ्या डॉक्टरले दाखवाले चालली." तिनं सांगितलं, विचारलं नाही.

जळगावच्या डॉक्टर रूपालीताईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठी साध्या दिसताहेत, कॅन्सरसारखं काही वाटत नाही, तेव्हा घाई नको. गोळ्यांनी रक्तस्राव आवरता येतो. पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी असते, पण एक गाठ आत आलेली, तिच्यामुळं ती नीट बसेल याची खात्री नाही. गाठींचा रक्तपुरवठा बंद करायचा उपाय मोठ्या शहरात होतो. दुर्बिणीनं नुसत्या गाठी काढता येतात, मात्र त्या पुन्हा होऊ शकतात. पिशवी काढली तर गाठींची भानगड कायमची मिटते, आणि पुष्कळ बायका तेच निवडतात.

"तुम्हाला काय हवंय?" डॉक्टरांनी विचारलं.

असं कुणी विचारण्याची सुलक्षणाला सवय नव्हती. डॉक्टरांनी थांबून पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गाठी काढा. बाकी माझं मला राहू द्या." आधी दोन महिने लोहाच्या आणि रक्तस्रावाच्या गोळ्या, मग ऑपरेशन, असं ठरलं.

घरी कुंदन भडकला. "पुन्हा गाठी झाल्या त मंग?"

"त तवा पाहीन. मागच्या साली आपल्या केळीत हरण्या रोग आला. बठ्ठी बाग, एकूणएक झाड उपटून टाका म्हने तो शेतकीचा साहेब. तुम्ही काय केलं?"

कुंदननं एकेक झाड तपासलं होतं, पिवळ्या पट्ट्यांची तेवढी उपटली होती आणि वाचवलेल्या बागेची बढाई गावभर मारली होती.

"झाडाझाडाले पाहिलं तुम्ही. अन् माझ्या पोटाची येळ आली त बठ्ठं उपटाले सही देऊन आले." इंदिराबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. आता सासू कुणाची बाजू घेणार, हे सुलक्षणाला ठाऊक होतं.

"तुले त्या डाक्टरनीनं इचारलं?" इंदिराबाईंनी मान खालीच ठेवून विचारलं. "काय पाह्यजे म्हनून?"

"हो. दोनदा."

"मले कोनी इचारलं नही. पोट दुखते म्हनून गेली व्हती. भुलीतून उठली तवा सांगितलं, काढून टाकली. मंग मीच सांगत फिरली, मोकळी झाली म्हनून. काय सांगनार व्हती दुसरं?"

इतकी वर्षं आईची ती ऐट कुंदननंही खरीच मानली होती.

गुरुवारी सकाळी गावातल्या दवाखान्यातून कुंदनला फोन आला. पेशंट कुठं आहे, कॉट अडवून ठेवलीय, नातेवाइकाची सही पण झालीय. कुंदननं बायकोकडे पाहिलं. इंदिराबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"सही त्याची झाली असंन," त्या म्हणाल्या. "पिशवी तिची हाये. ती येत नही."