सात नंबरचा गोडवा

सोमवारी सकाळी सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांनी चहाला चांगलं म्हटलं, आणि मोठ्या सिस्टर हातातलं काम टाकून खाटेपाशी आल्या.

चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी, हे अख्ख्या वॉर्डाला ठाऊक. मांडीचं हाड जोडून घ्यायला आलेला हा माणूस गेले नऊ दिवस गादीपासून छतापर्यंत सगळ्याला नावं ठेवत होता. वॉर्डात त्यांचं नावच जमदग्नी पडलेलं. आणि आज म्हणे चहा फक्कड! सिस्टरांनी नाडी, रक्तदाब, ताप, साखर, सगळं मोजून पाहिलं. सगळं जागच्या जागी. आता याला काय म्हणावं?

बातमी वाऱ्यासारखी पसरली. झाडूवाल्या मावशींना आजोबांनी लेक मानलं. शेजारच्या खाटेवर घोरणाऱ्याला, तुमचा गळा गाता आहे, असं सांगितलं. बघता बघता दुसऱ्या वॉर्डातले लोक कौतुक करून घ्यायला रांगेत उभे राहिले, एकजण तर सलाइनच्या स्टँडसकट. कचेरीतले साहेब अभिप्रायाचा फॉर्म घेऊन धावले. आजोबांनी सगळ्या चौकटींत 'उत्तम' लिहिलं, शवागाराच्या चौकटीतसुद्धा. रांगेत नव्हत्या त्या फक्त आजोबांच्या पत्नी, आजी. त्या आपली खुर्ची खाटेला चिकटवून बसल्या होत्या.

सिस्टरांनी तरुण डॉक्टरांना गाठलं आणि आजोबांचं रक्त ताबडतोब तपासा म्हणून सांगितलं. डॉक्टर हसले. कारण काय लिहायचं? तक्त्यात गोडव्याला रकाना नाही. त्यात आजोबांनी नुकतंच त्यांना देवमाणूस म्हटलेलं, तेव्हा स्वारी हवेत. माणूस बरा होतोय, तुम्ही उगाच साप साप म्हणून भुई धोपटताय, असं वर ऐकवलं.

सिस्टरांचं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं माणसं बघत होत्या त्या. यंत्राला कळायच्या आधी माणसाच्या बोलण्यात कळतं, हे यांना कोण सांगणार?

"डॉक्टर, परवा ते तुम्हाला शिकाऊ सुतार म्हणाले. आज देवमाणूस म्हणतात. ते शुद्धीवर आहेत असं तुम्हाला खरंच वाटतं?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. खाटेपाशी जाऊन त्यांनी आजोबांना साल विचारलं. आजोबा प्रेमाने म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते."

रक्त पळत गेलं. तासाभरात प्रयोगशाळेचा फोन आला. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, एकशे पस्तीसच्या वर हवं, ते एकशे चौदावर आलेलं. रक्तदाबाच्या गोळीने सगळं लघवीवाटे बाहेर काढलं होतं. आणखी घसरतं, तर झटके, मग बेशुद्धी, मग खेळ खलास.

मीठ सावकाश चढवावं लागतं, भराभर चढवलं तर मेंदूवर येतं. आजोबा दोन दिवस थोडे थोडे कडू होत गेले. बुधवारी त्यांनी डॉक्टरांच्या सात पिढ्या उद्धारल्या, आणि वॉर्डाच्या जिवात जीव आला.

त्या दुपारी आजी सिस्टरांच्या टेबलापाशी आल्या.

"सिस्टर, ते मीठ चिमूटभर कमी ठेवलं तर चालत नाही का हो?"

सिस्टर हसायला गेल्या, पण आजी हसत नव्हत्या. नाही चालत, असं त्यांनी हळूच सांगितलं.

"विचारून पाहिलं आपलं," आजी म्हणाल्या. "रविवारी दुपारी मला म्हणाले, दमलीस का, जरा पड. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तेही आजारातलंच ना?"

सिस्टरांनी फाइल उघडली. रविवारी रक्त तपासलंच नव्हतं. त्या कोऱ्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"रविवारी त्यांचं मीठ अगदी व्यवस्थित होतं, आजी," त्या म्हणाल्या, आणि फाइल मिटली.