एकाच बाजूची कडी

आयुष्यभर लोकांच्या समारंभांत क्लॅरिनेट फुंकून बँडमास्तर निवृत्त झाले, ते केवळ मनसोक्त झोपायचं म्हणून. पण थोरली बहीण शेजारच्या खोलीत राहायला आली आणि त्या बेतावर पाणी पडलं. ताई एके काळची इस्पितळातली मेट्रन. उजाडलं न उजाडलं तोच दोघांच्या मधल्या भिंतीतली वीतभर खिडकी खाडकन उघडायची आणि ताईचं नाक आत यायचं.

"आहेस का रे?"

"आहे," मास्तर पांघरुणातून सांगत. "काय करणार."

दोष तसा इमारतीचाच. हे पूर्वी निराधार म्हाताऱ्यांचं धर्मादाय घर होतं. बांधणारा लाकडाचा व्यापारी. त्याचा काका बंद खोलीत वारला आणि दोन दिवस कुणाला पत्ताच नाही, हा चटका त्याने विटांत उतरवला. मधोमध अंगण, भोवती गोलाकार खोल्या आणि प्रत्येक भिंतीत उशाशी एक खिडकी. कडी फक्त विचारणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे रुसलेल्या शेजाऱ्याला ती लावून घेता येऊ नये. सकाळी पहिल्या खोलीने दुसरीला विचारायचं, दुसरीने तिसरीला. प्रश्न फिरून पहिल्या खोलीत परत आला की मगच चहाची घंटा. त्यामुळे शेजारी जिवंत असावा अशी कळकळ प्रत्येकाला होती, निदान चहापुरती. एकदा एक आजोबा रागाने गप्प बसले, तर अख्ख्या घराने उपाशीपोटी त्यांचा उद्धार केला म्हणे.

पुढे ते घर बंद पडलं, खोल्या भाड्याने गेल्या, खिडक्या लिंपल्या गेल्या. ही एवढीच उरली, कारण गवंडी आला तेव्हा ताई तिच्यापुढे खुर्ची टाकून बसली.

एके दिवशी मास्तरांचं डोकं फिरलं. ते ताईच्या दारात जाऊन म्हणाले, "ताई, पुरे झालं हे. मी मेलो तर वासाने कळेलच की तुला."

ताई लगेच "बरं" म्हणाली. खरं तर हीच धोक्याची खूण होती, पण मास्तर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली नाही. मास्तर कुशीवर वळले. मग दुसऱ्या कुशीवर. झोप येईना. ताईला गेल्या महिन्यात चक्कर आली होती, ते नेमकं आता आठवलं. त्यांनी भिंतीवर बुक्क्या मारल्या. उत्तर नाही. खिडकी ढकलली, पण कडी पलीकडून. एरवी बंद राहीना ती खिडकी आता उघडेना. मास्तरांना ताईशिवाय दुसरं होतं कोण?

ते एका पायात चप्पल घालून धावले आणि ताईचं दार असं बडवलं, की बँडमधला ढोलही कुणी इतका बडवला नसेल. शेजारीपाजारी गोळा झाले.

दार उघडलं. ताईच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात अर्धं बिस्कीट.

"आहेस?" मास्तरांचा आवाज फाटला.

"आहे. पण तू कशाला धावलास? वासाने कळलंच असतं."

मास्तरांना आधी रडू आलं, मग हसू. बिस्किटाचा उरलेला अर्धा भाग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ला.

त्याच दिवशी सुताराला बोलावून त्यांनी ती कडीच काढून टाकली. आणि दुसऱ्या दिवशी, उजाडायच्याही आधी, ताईच्या उशाशी खिडकी खाडकन उघडली.

"आहेस का गं?"

"झोपू दे की रे मेल्या," ताई पांघरुणातून म्हणाली.