टेपरेकॉर्डरची साक्ष

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका, मित्रांनो. जन्म माझा जर्मनीचा, पण अडुसष्ट सालापासून मी बीदरच्या एका दवाखान्यात आहे.

मला आणलं डॉक्टर अच्युतरावांनी. जर्मन लोक शब्दाला शब्द जोडून आगगाडीएवढे लांब शब्द करतात. पहिला डबा उच्चारतानाच बोलणाऱ्याचा सूर सांगतो, अजून डबे आहेत, आणि ऐकणाऱ्याचा मेंदू दम धरतो. अच्युतराव तिकडे याचाच अभ्यास करून आले होते. एवढं शिकूनही इथे ते नेमका सूरच विसरले.

बीदरजवळच्या मेहकर गावच्या राजूबाईला लकवा मारला, वाचा गेली. तिला काही कळत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, की तिचा दीर किशनराव तिला वेड्यांच्या दवाखान्यात टाकणार होता. तपासणीसाठी डॉक्टरांनी पुस्तकी मराठीत एकेक शब्द सुटा करून माझ्यात भरला होता. सगळ्या रोग्यांना स्वच्छ ऐकू यावं म्हणून! मी ऐकवलं, “डावा. हात. वर. करा.” मग तिच्या तोंडून एखादा आवाज निघालाच तर टिपायला त्यांनी माझं लाल बटण दाबलं. राजूबाई नुसती बघत राहिली.

“बघा साहेब, वैनीला कायबी कळंना झालंय,” किशनराव म्हणाला. डॉक्टरांनी पेन उघडलं. मला भयंकर राग आला.

सोबत आलेली शेजारीण मल्लव्वा उसळली. “दगडं मारल्यावानी कामून बोलायलाव? माणसावानी बोला की!” मग वाकून म्हणाली, “अगं राजूबाई, तुजा डावा हात तेवढा वर कर की गं.”

हात वर गेला.

“हिनं खुणावलं आसंल,” किशनराव म्हणाला. पण माझी फीत चालूच होती! डॉक्टरांनी मल्लव्वाला बाहेर बसवलं. मी तिचा आवाज ऐकवला, त्याच हेलात. हात पुन्हा वर गेला. डॉक्टरांनी मान खाली घालून पेन बंद केलं.

पुढे कॅसेटची यंत्रं आली. परवा एक कारकून माझ्यावर ‘निरुपयोगी’ अशी चिठ्ठी चिकटवून गेला. बटण दाबून पाहिलं का त्यानं? न्हाई! खुशाल मोडीत काढा मला, मी गयावया करणार नाही. पण मित्रांनो, माणसावर अशी चिठ्ठी चिकटवायच्या आधी त्याच्याशी त्याच्या घरच्यासारखं बोलून पाहा. राजूबाई त्या दिवशी मल्लव्वाचा हात धरून मेहकरच्या बसमध्ये चढली, आणि पुढची अकरा वर्षं स्वतःच्या घरात राहिली.