परीक्षकाचं नाक

हिवाळ्यातल्या तापात ब्लागोयेचा वास घ्यायचा गुण गेला आणि परत आलाच नाही. शेगडीवर कांदा जळून कोळसा झाला तरी हा पठ्ठ्या शेजारी बसून निवांत पेपर वाचत होता, तेव्हाच त्याच्या बायकोला, ग्रोझ्दानाला, काय ते कळलं. पण बाहेर बोलायची सोय नव्हती. लेस्कोवात्स शहराच्या मिरची-उत्सवात आयवारचा, म्हणजे भाजल्या मिरच्यांच्या चटणीचा, मुख्य परीक्षक म्हणून तो वर्षानुवर्षं मिरवत आला होता. गोड्या लाल मिरच्या भाजा, सोला, वाटा, तेलात आटवत तासन् तास ढवळा, ही हाडं मोडणारी मेहनत शहरभरच्या बायकांची, आणि आयवार जमला की नाही हे सांगायला हा शहाणा! स्वतः त्याने जन्मात एक मिरची सोलली नव्हती.

उत्सवाच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला.

"उद्या माझ्याबरोबर मंडपात ये."

"कशाला? तुझी टोपी धरायला?"

"जिभेला नुसतं खारट-गोड कळतं गं. बाकी सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं."

"मग तसं सांग त्यांना."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आत्ता कळलं गेल्या वर्षी तसा निकाल का लागला ते!"

 ब्लागोयेने सगळं ठरवून ठेवलं होतं. आयवार पावावर लावून चाखायची रीत, तेव्हा साखरेचा आजार आहे, पाव वर्ज्य आहे, असं सांगून तो घासाला नुसती जीभ लावणार. उरलेला घास मागे उभ्या ग्रोझ्दानाने खायचा आणि आवडला तर त्याच्या पाठीला बोट लावायचं.

"आणि हो," तो खाली बघत म्हणाला, "चौथी वाटी जरा आपुलकीने चाख."

चौथी वाटी कोणाची, हे ग्रोझ्दानाने विचारलं नाही. खाणावळवाला चेदोमिर गेला आठवडाभर ब्लागोयेला रस्त्यात अडवून मिठ्या मारत होता. तिला नाही म्हणता आलं असतं. पण अख्ख्या शहराचा आयवार एका ठिकाणी चाखायला मिळणार होता. कोणकोण कसकशी माती खाते ते तिला बघायचंच होतं.

मंडपात वाट्यांवर नुसते आकडे होते. पहिला आयवार करपलेला, दुसरा तेलात बुडालेला. तिसरा इतका पातळ की आजाऱ्याला पाजावा. ग्रोझ्दाना मनातल्या मनात नाकं मुरडत होती आणि तिला फार बरं वाटत होतं. चौथ्यात व्हिनेगर मारलेलं, वर टोमॅटो. तिने हात खिशात घातला. ब्लागोयेने पाठ दोनदा हलवून बघितली, पण बोट काही लागलं नाही.

सातव्या वाटीपाशी मात्र ती थबकली. धुराचा वास नेमका, गोडी मुरलेली, सालीचा कडवटपणा नावालासुद्धा नाही. आणि मागून, अगदी हलकं, वांगं. आयवारमध्ये वांगं घालणारी या शहरात एकच बाई तिला माहीत होती. समोरच्या घरातली स्तामेना. "तुझा आयवार म्हणजे पोरांचं औषध," असं स्तामेनाने हिणवल्यापासून ग्रोझ्दानाने तिचं तोंड बघितलं नव्हतं.

तिने पुन्हा एक घास घेतला, काहीतरी खोट सापडेल म्हणून. सापडली नाही. खरं सांगायचं तर तिच्या स्वतःच्या आयवारपेक्षा हा चांगला होता, आणि या गोष्टीचा तिला इतका संताप आला की बोटाऐवजी तिने नवऱ्याच्या पाठीत बुक्कीच मारली.

ब्लागोये ताडकन उठला. "या घासात आपल्या मातीचा सुगंध आहे!" त्याने गर्जना केली. बाकीच्या परीक्षकांनी नेहमीप्रमाणे माना डोलावल्या. टाळ्या पडल्या. स्तामेनाचं नाव पुकारलं गेलं आणि चेदोमिर तोंड वाकडं करून निघून गेला.

घरी आल्यावर ब्लागोये फुटला. "चौथी सांगितली होती ना! अख्खं कोकरू कबूल केलं होतं त्याने!"

"अस्सं? कोकराला विकलं होतंस होय तू शहर?"

"आणि दिलंस कोणाला? तुझ्या वैरिणीला!"

"तिला नाही, वाटीला दिलं. तुला नाही कळायचं ते."

तेवढ्यात दार वाजलं. स्तामेना बरणी घेऊन उभी होती. "ही ब्लागोयेभाऊंना," ती ग्रोझ्दानाकडे धड न बघता म्हणाली. "या घरात निदान एकाला तरी चव कळते."

 ग्रोझ्दानाने बरणी घेतली, दार लावलं आणि नवऱ्याला एक चमचाही न देता उभ्या उभ्याच पावाबरोबर खायला लागली. खाताना स्तामेनाला शिव्याही देत होती.

पुढच्या वर्षी पाठदुखीचं निमित्त करून ब्लागोयेने खुर्ची सोडली. समितीने ती चेदोमिरला दिली. ग्रोझ्दाना उत्सवाला गेली नाही. अंगणात मिरच्यांचं पोतं पडलं होतं, तिचा स्वतःचा आयवार व्हायचा होता.